लंकाबाईंचे समानार्थी शब्द

एकोणीसशे एकाहत्तरच्या जूनमध्ये माझी बदली कोपरगाव तालुक्यात, कालव्याकाठच्या एका लहानशा गावात झाली. मी पाथर्डीकडचा. आमच्या बाजूला पाणी म्हणजे डोक्यावरून आणलेलं, हंड्यातलं. इथे ते शाळेच्या पायरीपासून पन्नास पावलांवर, दोन्ही काठ भरून वाहत होतं. पहिले आठ दिवस मी मुलांना पाढे म्हणायला लावून खिडकीतून नुसता त्या पाण्याकडे बघत बसायचो.

शाळा दोन खोल्यांची. तिसरी आणि चौथी माझ्याकडे. शाळेला लागूनच पाटबंधारे खात्याची चौकी होती आणि चौकीच्या मागच्या दोन खोल्यांत सहादेव पाटकरी आणि त्यांची बायको लंकाबाई राहत. पाटकरी म्हणजे कालव्याची दारं उघडून पाळीपाळीने शेतांना पाणी सोडणारा माणूस. गावात सगळे त्यांना सहादेवभाऊ म्हणत. जुन्या काळातले सातवी पास. गावात कुणाला सरकारी कागद आला की तो आधी त्यांच्याकडे जायचा. ते वाचून दाखवायचे, अर्थ सांगायचे आणि गप्प बसायचे. स्वतःहून बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांची एकुलती मुलगी वैजापूरकडे दिलेली. घरात ही दोघंच.

कार्तिकातल्या एका सकाळी दार उघडता उघडता सहादेवभाऊ कालव्याच्या भरावावर कोसळले. अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून त्यांना कोपरगावला नेलं. तीन आठवड्यांनी परत आणलं तेव्हा मी भेटायला गेलो. खाटेवर उशीला टेकवून बसवलं होतं. मला बघून त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "चारी."

कालव्यातून शेताकडे पाणी नेणारी ती चारी. आयुष्यभर हजारदा उच्चारलेला तेवढा एकच शब्द त्यांच्याजवळ उरला होता. तहान लागली तरी चारी, ऊन लागलं तरी चारी, मी निघालो तेव्हा निरोपालाही चारी. डोळे मात्र जसेच्या तसे होते. समोरच्या माणसाला पूर्ण ओळखणारे.

डॉक्टरांनी लंकाबाईंना नीट समजावलं होतं. त्यांना सगळं कळतं, ऐकू येतं, फक्त शब्द बाहेर येत नाही. लिहितानाही येणार नाही. तेव्हा तुम्हीच एकेक शब्द त्यांच्यापुढे ठेवायचा आणि त्यांनी हो की नाही सांगायचं. दोघांनी मिळून खुणा ठरवल्या. हो असेल तर सहादेवभाऊंनी डाव्या हाताने लंकाबाईंचा हात दाबायचा. नाही असेल तर बोट हलवायचं. पाणी? भूक? कूस बदलायची? पांघरूण? आठवडाभरात हे सगळं बसलं. शरीराचे शब्द थोडेच असतात. ते लंकाबाईंना सगळे येत होते.

मग एके दुपारी सहादेवभाऊंनी पुढ्यातली ताटली डाव्या हाताने सारली आणि भिंतीकडे तोंड केलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. लंकाबाईंनी विचारलं, दुखतंय का? बोट हललं. कालवण आवडलं न्हाई? नाही. राग आला? नाही. वाईट वाटतंय? इथे त्यांनी हात दाबला नाही आणि बोटही हलवलं नाही. पंजा आडवा धरून तो डावीकडे-उजवीकडे डोलवला. लंकाबाईंना त्याचा अर्थ लगेच कळला. जवळपास आलीस, पण हे नव्हे.

कंटाळा आला? नाही. भ्या वाटतंय? नाही.

आणि तिथे लंकाबाईंचे शब्द संपले.

हे त्यांनी मला नंतर सांगितलं तेव्हा त्या शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, तीस वर्षं संसार केला, पण माणसाच्या मनाला काय काय होऊ शकतं ते विचारायला आपल्याजवळ पाच-सहा शब्द आहेत, हे त्या दिवशी समजलं.

ताटली सारल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या चौकीच्या अंगणात भांडी घासत होत्या आणि माझी चौथी समानार्थी शब्द घोकत होती. मुलं एका सुरात ओरडत होती: दुःखी म्हणजे खिन्न, उदास, कष्टी. लंकाबाईंचा हात राखेतच थांबला. त्यांनी तिन्ही शब्द मनात धरले, हात धुतले आणि आत जाऊन नवऱ्यापुढे एकेक ठेवला. उदासला बोट हललं. कष्टीला पंजा डोलला. खिन्न म्हटल्यावर सहादेवभाऊ आजारपण विसरून बायकोकडे बघतच राहिले. हा शब्द तिच्या तोंडून त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. मग त्यांनी पंजा डोलवला, पण आधीपेक्षा कमी. म्हणजे आणखी जवळ.

त्याच संध्याकाळी शाळा सुटताना लंकाबाई माझ्याकडे आल्या. मी त्यांना मावशी म्हणायचो. त्यांनी सगळी हकिगत सांगितली आणि विचारलं, उद्यापासून वर्गात येऊन बसू का. मी म्हटलं, मावशी, समानार्थी शब्दांचा धडा एका पानाचा आहे, तो आज संपला. त्या म्हणाल्या, "मंग पुना सुरू करा. मला मनाचे समदे शब्द पायजेत."

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीनंतर अर्धा तास त्या दाराजवळ गोणपाट टाकून बसू लागल्या. मुलं पहिल्या दिवशी हसली, नंतर हसली नाहीत. मी रोज पाच शब्द फळ्यावर लिहायचो. आनंदी, हर्षित, प्रफुल्लित. घाबरलेला, भयभीत, भेदरलेला. लहानपणी त्या दुसरीपर्यंत शिकल्या होत्या, पण अक्षरं विसरून गेलेली. म्हणून त्या प्रत्येक शब्द कुणातरी ओळखीच्या माणसाला किंवा जनावराला लावून ठेवायच्या. भेदरलेला म्हणजे पुराच्या वर्षीचं अमक्याचं खोंड. प्रफुल्लित म्हणजे लग्नात मांडवात आलेली थोरली नणंद. घरी जाऊन ते पाचही शब्द त्या सहादेवभाऊंपुढे ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मला हिशेब द्यायच्या. हताश म्हटल्यावर त्यांनी जोरात बोट हलवलं आणि अपमान झाल्यासारखं तोंड फिरवलं. अस्वस्थला हात दाबला. व्याकूळला नाही.

आठ-दहा दिवसांनी त्यांनी मला जो प्रश्न विचारला तो मी अजून विसरलेलो नाही.

"गुरुजी, तुमी फळ्यावर लिवता, ह्या समद्यांचा अर्थ एकच हाय. मंग एकाला ते हात दाबत्यात आन् दुसऱ्याला बोट हलवत्यात, ते कसं?"

मी म्हटलं, आजारी माणूस आहे, दमत असेल, चुकत असेल. त्या म्हणाल्या, तुम्हीच येऊन बघा.

मी गेलो. माझ्या वहीत तोवर लिहिलेले बेचाळीस शब्द होते. खाटेजवळ बसून मी ते उलटसुलट क्रमाने वाचले. सहादेवभाऊ डोळे मिटून ऐकत होते. प्रत्येक शब्दावर थोडा वेळ घ्यायचे, जणू तो अंगाला लावून बघत होते, मग उत्तर द्यायचे. मी उत्तरांच्या खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, क्रम बदलला, पुन्हा वाचले. बेचाळीसपैकी एकोणचाळीस उत्तरं तीच आली. उरलेल्या तीनमध्ये एक शब्द मी स्वतःच चुकीचा वाचला होता.

पाच वर्षं मी मुलांना सांगत आलो होतो की हा शब्द म्हणजेच तो शब्द. आणि इथे एक माणूस, ज्याच्याजवळ स्वतःचा एकच शब्द उरला होता, तो मला दाखवत होता की खिन्न वेगळा, कष्टी वेगळा, उदास तर पारच वेगळा. त्याच्या आत प्रत्येकाची जागा ठरलेली होती. वाचा गेली तरी ती जागा हलली नव्हती. मी घरी येऊन वही उघडली तेव्हा माझंच अक्षर मला परकं वाटलं.

मात्र ताटलीच्या दिवशीचा तो शब्द काही सापडत नव्हता. सहादेवभाऊ त्यानंतर जेवायचे, पण चार घास, आणि तेही लंकाबाईंकडे न बघता. लंकाबाई अंग पुसायला लागल्या की डोळे मिटून घ्यायचे. माझ्या पुस्तकातले शब्द संपत आले. तेव्हा लंकाबाईंनी दुसरी वाट काढली. कालव्यावर धुणं धुवायला येणाऱ्या बायकांना त्या विचारू लागल्या की माणूस असा असा झाला तर तुम्ही त्याला काय म्हणता. बायका आधी हसल्या आणि मग एकीला एक आठवत गेलं. हिरमुसला. खट्टू झाला. कावराबावरा. फुरंगटला. हुरळून गेला. कासावीस. लंकाबाई रोज धुण्याबरोबर असे पाच-सात शब्द आणायच्या आणि मी ते वहीत लिहून घ्यायचो. यातले निम्मे माझ्या घरात, माझ्या आईच्या बोलण्यात होते. पण ते फळ्यावर लिहिण्याजोगे आहेत, हे मला कधी सुचलं नव्हतं.

पौषात एक दिवस राहीबाई नावाची शेजारीण धुणं आपटता आपटता आपल्या जावयाची गोष्ट सांगत होती. पहिल्यांदा सासुरवाडीला आला, खाटेवर बसला आणि खाट मोडली. सगळे हसले. ती म्हणाली, लई ओशाळला बिचारा, दोन टायमाला जेवलाच न्हाई.

लंकाबाई उठल्या. धुणं तसंच दगडावर टाकून ओल्या हातांनी घरी गेल्या. खाटेजवळ बसून त्यांनी नवऱ्याचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुमी ओशाळलाय?"

सहादेवभाऊंनी हात असा दाबला की लंकाबाईंच्या हातातलं काकण पिचलं.

हातात शब्द आल्यावर बाकीचं आपोआप कळलं. बायकोने भरवायचं, बायकोने पुसायचं, बायकोने भांडं लावायचं. हे त्या माणसाला सोसवत नव्हतं. लंकाबाई म्हणाल्या, त्यांना तेव्हा रडू आलं नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली आणि ती त्यांनी तिथेच सांगून टाकली.

"आपलं पयलं पोर गेलं तवा मी म्हैनाभर उठले न्हवते. माजी लुगडी तुमी अंधारात पाटावर नेऊन धुवायचा, कुनी बगू नये म्हनून. मला वाटायचं धरनी फाटावी आन् मी आत जावं. तवा ह्यो शब्द मला ठावा असता तर मी तुमाला सांगितलं असतं. तुमी कदी मला तसं दिसू दिलं न्हाई. एकदा बी न्हाई. मंग आता मी तुमाला तसं वाटू दीन का?"

सहादेवभाऊ बराच वेळ चारी, चारी म्हणत राहिले. त्या दिवशी ते लंकाबाईंकडे बघत जेवले. अर्धी भाकरी दुधात कुस्करून दिली होती, ती पूर्ण संपवली.

मला वाटलं होतं, हवा तो शब्द सापडला, आता बाई वर्गात येणार नाहीत. पण त्या आल्या. एक शब्द सापडला तर त्याच्यामागे आणखी किती आहेत ते आता दिसू लागलंय, असं त्यांचं म्हणणं. होळीपर्यंत वहीत दीडशेच्या वर शब्द झाले. इतके तोंडी राहीनात, म्हणून त्यांनी पाटी मागितली. लहानपणची अक्षरं हळूहळू परत आली. मी माझी वही त्यांना देऊन टाकली आणि नवी केली.

याच दिवसांत आणखी एक प्रसंग घडला. तो त्यांनी मला आठवडाभर सांगितला नव्हता. एका दुपारी सहादेवभाऊंनी डावा हात त्यांच्या मनगटावर ठेवला आणि म्हणाले, चारी? शेवटचं अक्षर वर नेऊन, प्रश्नासारखं. लंकाबाईंनी विचारलं, पाणी? बोट हललं. उशी? नाही. मग त्यांनी ते बोट लंकाबाईंच्या दिशेने धरलं आणि पुन्हा म्हणाले, चारी? तेव्हा त्यांना कळलं की आज प्रश्न त्यांना आहे. तुला कसं वाटतंय?

"मला ह्ये कुनी कदी इचारलंच न्हवतं, गुरुजी. आईनं सुदिक न्हाई. आन् आता शब्द हाताशी हुते, तर मला सांगता येईना."

मग त्या वही घेऊन बसल्या आणि स्वतःवरच एकेक शब्द ठेवून बघू लागल्या, मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं. थकलेली? व्हय. कष्टी? न्हाई, मागं हुते. धास्तावलेली? व्हय, पर कालच्याइतकी न्हाई. रुसलेली? इथे दोघं हसली. तासभर चाललं होतं म्हणे. शेवटी कुठल्या शब्दावर थांबलात, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते ज्यांनी इचारलं त्यांना सांगितलं. मी पुढे विचारलं नाही. पण शाळेतून घरी जाताना मला वाटत राहिलं की मी शिकवतो ती भाषा किती खोल आहे याचा मला पत्ताच नव्हता, आणि तो मला गोणपाटावर बसलेल्या बाईने लावून दिला.

पुढे काय झालं ते सांगतो. सहादेवभाऊंची नोकरी गेली, चौकी सोडावी लागली, दोघं त्यांच्या भावाच्या मळ्यात राहायला गेली. काठी घेऊन ते चालू लागले. दोन वर्षांत त्यांना पन्नासेक शब्द परत आले. गंमत अशी की पाणी, भाकरी, मीठ हे शब्द उशिरा आले. कोपरगावच्या डॉक्टरांनाही त्याचं नवल वाटलं. त्र्याहत्तरला माझी बदली अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला झाली. तिथेही मी वही चालू ठेवली. डोंगरातल्या माणसांनी तिच्यात बरीच भर घातली.

पण सहादेवभाऊंचा स्वतःचा पहिला शब्द कसा आला, ते सांगायचं राहिलं. ती चैत्रातली गोष्ट. चौकी अजून सुटली नव्हती. मी चौथीला भागाकार शिकवत होतो. लंकाबाई धापा टाकत दारात आल्या. त्यांची वेळ नव्हती. हातात वही तशीच उघडी होती.

"गुरुजी, स्तिमित कुनाचं नाव हाय का?"

मी विचारलं, कुठे ऐकलंत?

त्या म्हणाल्या, आत्ता हे बोलले. खाट ओट्यावर काढली होती. दोनदा अडखळले, ओठ फिरवले आणि मग स्पष्ट म्हणाले. तुम्ही कधी शिकवला नाही, धुण्यावर कुणी दिला नाही. माझ्या वहीत नाही.

खरंच नव्हता. मी हा शब्द कुठेतरी वाचला होता, पण नेमका अर्थ सांगायची छाती होईना. शाळेच्या कपाटात एक जाडजूड शब्दकोश होता. त्याची धूळ झटकून मी पान काढलं आणि वाचलं. मग त्यांना समजेल असं सांगितलं, "एखादी गोष्ट बघून इतकं नवल वाटतं की माणूस हलायचंसुद्धा विसरतो. जागच्या जागी थांबून नुसता बघत राहतो. तसा झालेला माणूस."

मुलांना काय चाललंय ते पुरतं कळलं नव्हतं, पण कुणी चुळबुळ केली नाही.

मी विचारलं, ते तेव्हा कशाकडे बघत होते?

लंकाबाई आठवू लागल्या. पाटाला पाणी न्हवतं, म्हणाल्या, पाळी संपलीय. रस्त्याला बी कुनी न्हवतं. मी आपली खालच्या पायरीवर बसून वहीतलं वाचत हुते, मोठ्यानं.

एवढं बोलून त्यांनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. माझ्याकडे बघितलं, मग मुलांकडे, मग दारातून चौकीच्या ओट्याकडे. ओट्यावर खाट होती आणि खाटेवर सहादेवभाऊ उशीला टेकून शाळेच्या दाराकडे बघत बसले होते.

सातवीच्या पुस्तकात कधीकाळी वाचलेला शब्द त्या माणसाने कुठे जपून ठेवला होता, कोण जाणे. सगळं वाहून गेल्यावर परत आला तो हा, आणि आला तो बायकोला वाचताना बघून.

थोड्या वेळाने लंकाबाईंनी गोणपाट पसरलं आणि त्या आपल्या जागेवर बसल्या. कुठल्यातरी मुलीकडून पाटी-पेन्सिल घेतली.

"फळ्यावर लिवा," त्या म्हणाल्या. "मोठं लिवा."

मी भागाकार पुसला आणि शब्द लिहिला. स आणि त जोडून कसा काढायचा ते त्यांना जमत नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी दोन्ही अक्षरं सुटी लिहिली. मी पुन्हा दाखवलं. पाचव्या वेळी जमलं. तोवर घंटेची वेळ उलटून गेली होती, पण घरी जायला एकही मूल उठलं नव्हतं.